'बघू'चा अर्थ

(इचलकरंजीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, पत्रिकेवर विषय छापलाय 'जुन्या धंद्यात स्टार्टअप आणि मनाची उभारी'. उभारीकडं मी येणारच आहे, पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. 'बघू.' ज्यांच्या घरी माग आहेत त्यांनी हा शब्द वडिलांकडून हजारदा ऐकलाय. सहलीला जाऊ? बघू. मोटारसायकल? बघू. हसताय म्हणजे ऐकलाय! मी तो दोन वर्षं रोज ऐकला. जुन्या धंद्यात उतरणाऱ्यानं बाकी सगळ्याच्या आधी या शब्दाचा अर्थ लावायला शिकावं, एवढंच सांगायला मी आज आलोय.

आपल्या गावाला जुनाट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला, तेव्हा हातमागवाल्यांना ते काय वाटलं असेल? आज जो धंदा जुना म्हणतो तो या गावाचा पहिला स्टार्टअप होता. असो, त्यावर वेगळं व्याख्यान होईल.

मी केली ती एक डबी. मागाला लावायची. माग किती चालला, कितीदा थांबला, पिक किती पडले, सगळं मालकाच्या मोबाईलवर. ५२ पिकाचं कापड म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे, मीटरला २,०४७. तेवढ्या वेळा आडवा धागा नेणारा धोटा गेल्याशिवाय एक मीटर होत नाही, आणि कामगाराची मजुरी मीटरवर. माग थांबला की मालकाचंही नुकसान आणि कामगाराचंही. मग ही डबी दोघांनाही हवीच असणार, असा माझा हिशेब.

एका अण्णांनी चार मागांवर लावू दिली. खर्चीवाले अण्णा, म्हणजे मजुरीवर विणणारे: ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं बीम व्यापाऱ्याचं, बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं सूत व्यापाऱ्याचं, विणायचं यांनी. आठव्या दिवशी गेलो तर चारही वायरी उपसलेल्या, नीट गुंडाळून खिडकीत ठेवलेल्या. त्या मागांवर एक मामा होते, तीस वर्षं मागावर काढलेले. शेडमध्ये कानाला तोंड लावल्याशिवाय ऐकू येत नाही. मामांनी मला जवळ ओढलं, भुवयांवर कापसाचं तूस बसलेलं, आणि म्हणाले, "दादा, तुमची डबी माग थांबला म्हणून सांगती. का थांबला ते सांगती का?" मग धोट्यातली बाण्याच्या सुताची कांडी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, ओढा. धागा मी ओढला आणि तीनदा तुटला. कच्चं सूत! आठवडाभर माझ्या आकड्यांवरून बोलणी मामांनी खाल्ली होती आणि दोष सुताचा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी तसाच अण्णांकडं गेलो. म्हटलं, अण्णा, सूत खराब आहे, आता आकडे आहेत, व्यापाऱ्याला दाखवू. अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पोरा, सूत कसलं आहे ते मला हाताला कळतंय. कागदावर आलं की मला बोलाय लागंल. बोललो की पुढचं बीम शेजारच्याकडं जाईल. बघू."

तो 'बघू' मी आडमुठेपणा समजत होतो. वीस माणसांचा आठवड्याचा पगार तोंडावर असलेल्या माणसाची ती खबरदारी होती. हे कळल्यावर नकार मला लागायचा बंद झाला. म्हणजे वाईट वाटायचं, पण मी मोडत नव्हतो.

डबीला मग चार बटणं आली: ताणा तुटला, बाणा तुटला, लाईट गेली, जॉबर (माग दुरुस्त करणारा) हवा. कारण कामगारानं दाबायचं आणि आकडा आधी त्याला दिसायचा. मामांनी पहिल्या दिवशी बाण्याचं बटण एवढ्या वेळा दाबलं की ते खराब झालं. आठ महिन्यांनी अण्णांनी बारा मागांना डब्या घेतल्या. व्यापाऱ्याला दाखवायला नाही, जॉबरला आधी कुठं पाठवायचं ते ठरवायला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. उभारीबद्दल भराभर सांगतो. नकार आला की त्याच दिवशी वहीत लिहा: कोण, काय म्हणाला, त्याचं काय अडलंय. लिहिलेला नकार रात्री उशाशी येत नाही. घरखर्चाचे पैसे धंद्याच्या खात्यात ठेवू नका. माझे सगळ्यात वाईट निर्णय घरात किराणा नसताना घेतलेत. उधारीनं माणूस आतून पोखरतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६ पासून आहे आणि आता उशीर करून वर्ष संपेपर्यंत पैसे न देणाऱ्याला त्या वर्षी आयकरात तो खर्च दाखवता येत नाही. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, बिलावर तो क्रमांक छापा. आणि चार महिने मी वडिलांचा फोन उचलत नव्हतो, तेव्हा ते आजारपण आहे हे मला कळलं नाही. तुमचं तसं झालं तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, मनाच्या आजारांसाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत. मराठीत बोलता येतं.

ज्यांना शेडमध्ये यायचंय त्यांनी खाली नावं द्या. रात्रपाळीलाच जाऊ. दिवसा अण्णा शेजारी असतात, मग मामा काही बोलत नाहीत.