कुणी पाहिलं होतं?

मित्रहो, जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला एका वैदिक संमेलनासाठी आलेले केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणी सांगितलेलं नाही, कुणी लिहून ठेवलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी लगेच संयुक्त निवेदन काढून हे विधान खोडून काढलं. वाद तेवढ्यावर थांबला, पण त्यातला प्रश्न थांबला नाही. तो मला शाळेतली मुलं विचारतात, निवृत्त अधिकारी विचारतात, शेतकरी विचारतात: कुणी पाहिलं होतं? प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आजच्या माकडाचा माणूस झाला, असं उत्क्रांतिशास्त्र म्हणतच नाही. माकड आणि माणूस यांचे पूर्वज फार मागे एक होते, असं ते म्हणतं. चुलत भाऊ हा आपला आजोबा नसतो.

आता सिद्ध करण्याबद्दल. पायथागोरसचा सिद्धांत जसा सिद्ध होतो, तशी उत्क्रांती सिद्ध होत नाही. तसं तर गणिताबाहेरचं काहीच सिद्ध होत नाही. ज्या सह्याद्रीच्या कुशीत आपण राहतो त्याचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून तयार झाला, हे आपण सगळेच मान्य करतो. तो लाव्हा वाहताना बघायला कोण होतं? कुणीच नाही. थर आहेत, त्यांचं वय मोजता येतं, आणि आजही ज्वालामुखीतून असाच खडक तयार होताना दिसतो. एवढं आपल्याला पुरतं.

आणि वैदिक परंपरेचं नाव घेऊन ‘पाहिलं कुणी’ असं विचारणाऱ्यांना मला आदरानं एक आठवण करून द्यायची आहे. डोळ्यांनी दिसेल तेवढंच खरं, फक्त प्रत्यक्ष हेच प्रमाण, ही भूमिका आपल्याकडे चार्वाकांची होती. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, तिच्याशी शतकानुशतकं वाद घातला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे; अग्नी दिसला नाही तरी चालेल. अनुमान हे प्रमाण आहे, मात्र त्याचे नियम कडक आहेत आणि हेत्वाभास, म्हणजे फसवी कारणं, ओळखावे लागतात. उत्क्रांतीचा सगळा पुरावा या अनुमानाच्या अंगणात येतो. तेव्हा तिला कडक नियम लावाच, पण प्रत्यक्ष नाही एवढ्यासाठी दाराबाहेर उभी करू नका.

नियम लावून पाहू. देवमाशाचं उदाहरण घेतो, कारण त्याचा बराचसा पुरावा आपल्याच उपखंडाच्या मातीत सापडला आहे.

देवमासा मासा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तो पिल्लाला दूध पाजतो, फुफ्फुसांनी श्वास घेतो. पोहताना मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो. देवमासा वर-खाली हलवतो, धावणाऱ्या चतुष्पादाचा कणा वाकतो तसा. गर्भात असताना त्याला मागच्या पायांचे कोंब फुटतात आणि जिरून जातात. १८५९ साली डार्विननं लिहिलं की तोंड उघडं ठेवून तासन् तास पोहत पाण्यातले कीटक टिपणाऱ्या अस्वलासारख्या प्राण्यापासून देवमाशासारखा जीव घडणं अशक्य नाही. लोक इतके हसले की पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्यानं हा मजकूर कापला. मधले प्राणी दाखवा, असं विरोधक पुढची शंभरेक वर्षं म्हणत राहिले. तेव्हा दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं, हेही खरं आहे.

मग पाकिस्तानात पाकिसीटस सापडला: चार पायांचा प्राणी, पण कानाचं हाड देवमाशासारखं जाड. त्याचं वर्णन १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं. १९९४ मध्ये अँब्युलोसीटस आला, चालू शकणारा आणि पोहूही शकणारा. कच्छच्या खडकांतून रुरकीचे जीवाश्मशास्त्रज्ञ सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेमिंग्टोनोसीटस, कच्छिसीटस या प्राचीन देवमाशांचे अवशेष अभ्यासले. इजिप्तच्या वाळवंटात बॅसिलोसॉरस या प्राचीन देवमाशाचे मागचे पाय मिळाले. प्राणी अजस्र, पाय इवलेसे, पण गुडघा, घोटा, बोटं सगळं जागेवर.

यातला एक प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. देवमाशाचे जमिनीवरचे नातलग कोण, यावर दोन गट होते. जीवाश्म अभ्यासणाऱ्यांनी दात पाहून सांगितलं की मेसोनिकिड, म्हणजे खूर असलेले आणि मांस खाणारे, आता नामशेष झालेले प्राणी. डीएनए वाचणाऱ्यांनी सांगितलं, पाणघोडा. ते असं का म्हणत होते हे समजून घ्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. पोथ्या ताडून पाहणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं की दोन पोथ्यांत एकाच ओवीत, एकाच जागी तीच विचित्र चूक असेल, तर त्या दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरवलेल्या आहेत. डीएनएमध्येही नकला उतरताना भलतेच तुकडे कुठेतरी घुसतात आणि पिढ्यान् पिढ्या तिथेच राहतात. देवमासा आणि पाणघोडा यांच्यात असे काही तुकडे नेमक्या त्याच जागी सापडले. गाय, डुक्कर, उंट यांच्यात त्या जागी ते नव्हते.

पाणघोडा, गाय, बकरी, हरीण, डुक्कर या समखुरी प्राण्यांची एक खूण आहे. त्यांच्या घोट्यातल्या हाडाला वर आणि खाली, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. इतर कुठल्याही सस्तन प्राण्यात अशी दुहेरी कप्पी नाही. डीएनएवाले बरोबर असतील, तर देवमाशाच्या पूर्वजांच्या घोट्यात ती असायलाच हवी. मेसोनिकिडवाले बरोबर असतील, तर नसावी. २००१ मध्ये दोन वेगवेगळ्या चमूंनी पाकिस्तानात मिळालेली घोट्याची हाडं जवळपास एकाच वेळी प्रसिद्ध केली. दोन्हींत दुहेरी कप्पी होती. त्यातल्या एका चमूचे प्रमुख फिलिप गिंजरिच तोवर मेसोनिकिडच्या बाजूचे होते. त्यांनी मत बदललं.

२००७ मध्ये यात जम्मूची भर पडली. राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटजवळ भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केलेले दगड त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीनं अमेरिकेतले संशोधक हान्स थेविसेन यांच्या हाती दिले. त्यातून इंडोहायस हा सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा प्राणी उलगडला: आपल्या पिसोरी हरणासारखा छोटा, खुरांचा, पण कानाचं हाड मात्र देवमाशाच्या घराण्याचं.

दात, डीएनए, घोटा, कान, गर्भ. हे साक्षीदार वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत, ते एकमेकांशी संगनमत करू शकत नाहीत. त्यांतल्या एकाची, दातांची, साक्ष चुकीची वाचली गेली होती आणि बाकीच्यांनी ती दुरुस्त केली. ‘सिद्ध’ या शब्दाचा गणिताबाहेर जो काही अर्थ होतो, त्या अर्थानं उत्क्रांती सिद्ध आहे, असं मी नि:संकोच म्हणतो. ती खोटी ठरवण्याचा रस्ताही उघडाच आहे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा इथे डायनासोरचे अवशेष मिळतात. त्या थरात जागच्या जागी गायीचा एक दात दाखवा, आम्हा सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागेल.

आता श्रद्धेकडे येतो. महाराष्ट्रात या विषयावर बोलायला उभं राहिलं की कुणीतरी सांगतंच, आमच्या दशावतारात हे आधीच आहे: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. सांगणाऱ्याचं प्रेम मला समजतं. पण मत्स्याच्या पोटी कूर्म जन्मला, असं कुठलंही पुराण म्हणत नाही. तिथे एकच विष्णू पुन्हा पुन्हा येतो, भक्ताच्या हाकेला येतो. ती करुणेची कथा आहे. तिला जीवशास्त्राचा धडा केलं की तिच्यातली करुणा जाते आणि जीवशास्त्रही हाती लागत नाही. देवमासा तर त्या क्रमाच्या उलट निघाला, जमिनीवरून परत पाण्यात. उत्क्रांतीला माणसाकडे चढत जाणारा जिना नाही.

शंकराचार्य गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात सांगतात, अग्नी थंड आहे किंवा तो प्रकाश देत नाही असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. ज्यांनी श्रुतीसाठी आयुष्य वेचलं त्यांचं हे वाक्य आहे. श्रुतीचं क्षेत्र त्यांनी ठरवून दिलं: जे इतर प्रमाणांनी कळत नाही ते. ही मर्यादा पाळणाऱ्याच्या श्रद्धेला देवमाशाच्या घोट्यापासून कसलाही धोका नाही.

ख्रिस्ती जगातही असे लोक होते. डार्विनचा अमेरिकेतला खंदा समर्थक, वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे, सश्रद्ध प्रेस्बिटेरियन होता. आधुनिक उत्क्रांतिशास्त्राच्या घडणीत मोठा वाटा असलेला डोब्झान्स्की ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होता. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती आता निव्वळ गृहीतक उरलेली नाही. खुद्द डार्विननं १८७९ च्या एका पत्रात लिहिलं की माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो. उत्क्रांतीमुळे देव नाही हे सिद्ध झालं, असं छातीठोकपणे सांगणारे माझे काही मित्र आहेत. तेही अनुमानाची हद्द ओलांडतात.

मात्र सगळं गोडीगुलाबीत मिटतं, असंही मला सांगायचं नाही. श्रद्धेची खरी अडचण जीवाश्मांत नाही, दुःखात आहे. १८५१ मध्ये डार्विनची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली. नंतर १८६० मध्ये त्यानं ग्रेला लिहिलं की जिवंत अळीचं शरीर आतून खाऊन वाढणारी गांधीलमाशी दयाळू देवानं मुद्दाम निर्माण केली असेल, हे माझ्या मनाला पटत नाही.

गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किती घरांत आहे, हे तुमच्यापैकी डॉक्टर जाणतात. तो आजार देणाऱ्या जनुकाची एक प्रत मिळालेलं मूल जीवघेण्या मलेरियापासून बरंचसं वाचतं. दोन प्रती मिळालेलं मूल आयुष्यभर वेदना भोगतं. म्हणूनच मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकलं. एका भावंडाला वाचवण्याची किंमत दुसरं भावंड मोजतं, आणि नैसर्गिक निवडीच्या प्रक्रियेला त्याची जाणीवही नसते. हे जनुक का टिकलं, ते मी त्या मुलाच्या आईला सांगू शकतो. लग्नाआधी रक्त तपासून घ्या, हेही सांगू शकतो, आणि ते सांगितलंच पाहिजे. माझ्याच मुलाच्या वाट्याला हे का, असं तिनं विचारलं तर माझ्या शास्त्राजवळ उत्तर नाही. धर्माजवळ आहे असं जे म्हणतात, त्यांनी हे जनुक कसं टिकलं ते समजून घेऊन मगच ते उत्तर द्यावं, एवढी माझी अपेक्षा आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.