टँगोच्या शब्दांतली क्षमा

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्समधील चाकारिता दफनभूमीत टँगो गायक कार्लोस गार्देल यांचा हसरा ब्राँझचा पुतळा उभा आहे आणि त्याच्या बोटांत चाहते आजही पेटती सिगारेट अडकवून जातात. २४ जून १९३५ रोजी कोलंबियातील मेदेयिन येथे विमान अपघातात गार्देल यांचा मृत्यू झाला. जग टँगोला नृत्य म्हणून ओळखते. या शहराने त्याचे शब्दही तोंडपाठ केले.

१९१७ मध्ये गार्देल यांनी ‘मी नोचे त्रिस्ते’, म्हणजे ‘माझी उदास रात्र’, हे गीत ध्वनिमुद्रित केले. सामुएल कास्त्रिओता यांच्या आधीच तयार असलेल्या चालीवर पास्कुआल कोंतुर्सी यांनी शब्द बसवले होते. बाई सोडून गेली आहे. गिटार कपाटात तशीच टांगलेली आहे, खोलीतला दिवा उजेड द्यायला राजी नाही, आणि मागे राहिलेला पुरुष मात्र ती घरात असल्यासारखीच ‘माते’ या चहासारख्या पेयाबरोबर खायला बिस्किटे घेऊन येतो. रात्री त्याला दार लावून घेणे जमत नाही, कारण ते उघडे असले की ती परत येईल, अशी आशा त्याला वाटत राहते. तिने दिलेल्या जखमेची तक्रार पहिल्या ओळींतच उरकते. माफ केल्याचे तो कोठेही म्हणत नाही, पण ते उघडे दार आमच्या मते पुरेसे बोलके आहे.

टँगोत वाजते ते बांदोनिओन. भाता ताणताना एक सूर आणि मिटताना दुसरा, असे एकाच बटणातून दोन सूर देणारे हे वाद्य जर्मनीतून आले. त्याला कवटाळणारे हे शहरही बाहेरून आलेल्यांचेच होते: १९१४ च्या जनगणनेत येथील जवळपास निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. दाटीच्या चाळींत राहणाऱ्या या लोकांत स्त्रियांपेक्षा पुरुष अधिक होते, आणि सोडून जाणाऱ्या बाईचे गाणे त्यांना आपलेच वाटले.

क्षमेचा सर्वांत मोठा शब्द मात्र १९२३ च्या ‘मानो आ मानो’ या टँगोत सापडतो. तरुणपणी मुष्टियुद्ध खेळलेले सेलेदोनियो फ्लोरेस हे त्याचे गीतकार. श्रीमंताच्या आश्रयाला गेलेल्या प्रेयसीला पुरुष सांगतो की आपले देणेघेणे फिटले, आणि चुकून काही बारीकसे राहिलेच असेल तर ते त्या भोळ्या श्रीमंताच्या खात्यावर मांड. येथवर हा टोमणाच आहे. शेवटच्या कडव्यात मात्र सूर पालटतो: उद्या तू अडगळीतल्या मोडक्या लाकडी सामानासारखी होशील, मनात कसली आशा उरणार नाही, तेव्हा मदत किंवा सल्ला हवा असेल तर या मित्राची आठवण ठेव, तो जिवावर उदार होऊन धावून येईल. राग न लपवता दिलेले हे वचन आम्हाला कोणत्याही गोड माफीपेक्षा खरे वाटते.

टँगोच्या काही गीतांत विश्वासघाताचा शेवट स्त्रीच्या खुनात होतो, हेही नमूद केले पाहिजे. १९४३ नंतर लष्करी राजवटीने रेडिओवरील गीतांच्या बोलीभाषेवर निर्बंध आणले आणि अनेक गीतांचे शब्द बदलावे लागले.

गायिका आसुसेना मायसानी पुरुषी पोशाखात गात. पुरुषांनी पुरुषांच्या तोंडी घातलेली टँगोची गीते त्यांच्यासारख्या स्त्रियांनीही गायली, आणि ज्यांना माफ केले जात होते त्यांच्याच कंठातून ती श्रोत्यांपर्यंत पोहोचली.