फोन पुण्यात वाजतो

[खडकवासल्याचं पाणी. लांबवर पांढरी शिडं.]

पुण्याला समुद्र नाही, पण शिडं आहेत. खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे छात्र होडी हाकायला शिकतात. इथे काही बिनसलं तर मदत काठावरच असते. पण हौस वाढली की माणूस घाट उतरतो. मांडवा, मुरुड, हर्णै. किनारा मागे पडतो, मोबाइलची रेंज जाते, आणि छोट्या बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओही क्षितिजाच्या फार पलीकडे पोचत नाही.

[केबिनच्या भिंतीवर लावलेला पिवळा बीकन.]

मग उरतो हा. ईपर्ब, म्हणजे बोट संकटात असल्याचा इशारा देणारा बीकन. चालू केला की 406 मेगाहर्ट्झवर साधारण दर 50 सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा संदेश वर जातो. ताकद जेमतेम 5 वॅट, बॅटरी किमान 48 तास. संदेश उपग्रह झेलतात. आपल्या भागातला असेल तर तो बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात उतरतो आणि तिथून तटरक्षक दलाच्या शोध-बचाव केंद्राकडे जातो.

21 सप्टेंबर 2018. नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी एकटेच जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांची बोट उलटवली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. पर्थपासून अंतर सुमारे 1,900 सागरी मैल. त्यांनी बीकन चालू केला. शोधाची सूत्रं ऑस्ट्रेलियातून हलली, भारतीय नौदलाचं विमान मॉरिशसहून त्यांच्या बोटीवर घिरट्या घालून आलं, आणि 24 तारखेला ‘ऑसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं.

हे सगळं यंत्राने केलं असं वाटतं. पण यंत्राला तुमचं नाव ठाऊक नसतं. ओळख म्हणून ते फक्त 15 अंकाक्षरांचा एक क्रमांक पाठवतं. तो कुणाचा, बोट केवढी, रंग कोणता, घरचा फोन कोणता, हे नोंदणीत असेल तरच कळतं. आणि बचाव केंद्र आधी तो फोन फिरवतं, कारण असे बहुतेक इशारे खोटे निघतात. कुणी बीकन धुवायला काढतो, कुणी जुना भंगारात देतो. कंसातून, म्हणजे तो अडकवायच्या खाचेतून, निघालेला ईपर्ब ओला झाला की आपोआप चालू होतो. जुन्या बाजारात पावसात भिजणाऱ्या ईपर्बचा संदेशही बुडत्या बोटीसारखाच दिसणार. म्हणून टाकून देण्याआधी बॅटरी काढायची.

आता खास आपल्याकडची गोष्ट. अमेरिकेतला भाचा दिवाळीला येताना बीकन घेऊन येतो, तिथे स्वस्त पडतो म्हणून. कौतुक आहेच. पण त्यात बहुधा अमेरिकेचा देशांक भरलेला असतो. भारताचा 419. तो बदलून घेतला नाही, तर हर्णैसमोर अडकलेल्या बोटीची माहिती अमेरिकेच्या नोंदवहीत शोधली जाते. तिथेही नोंद नसेल तर हाती काहीच नाही.

[दोरी सोडवणारे हात.]

बसवताना एक चूक सर्रास होते. बीकनची दोरी लोक बोटीच्या कठड्याला बांधून टाकतात, हरवू नये म्हणून. बोट बुडाली की बीकनही तिच्याबरोबर खाली. दोरी लाइफ राफ्टला, म्हणजे जीवरक्षक तराफ्याला बांधायची किंवा स्वतःला. आपोआप सुटणाऱ्या कंसातलं पाण्याच्या दाबाने उघडणारं यंत्र साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. त्यावरची तारीख वाचायला चष्मा लागेल, पण वाचा.

उरला घरचा नंबर. लोक हौसेने स्वतःचा देतात, फार तर सोबत येणाऱ्या मित्राचा. दोघेही त्याच बोटीत! नंबर द्यायचा तो मागे राहणाऱ्याचा. आई, बायको, शेजारचे काका, कोणीही. बोट कुठून सुटली, कितीजण आहेत, कधी परतणार, हे त्यांना सांगता आलं पाहिजे. आणि अनोळखी नंबर दिसला की फोन कट करायची सवय असेल, तर निघण्याआधी तीही मोडून घ्या.