पाय गरम झाले का?

नमस्कार श्रोतेहो. मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला शिकते, मूळची पोलादपूर तालुक्यातली. 'मला कुणासारखं व्हायचंय' यावर बोलशील का, असं मला विचारलं तेव्हा नाव शोधावं लागलं नाही. विंचूदंशावर उपचार शोधणारे डॉक्टर हिंमतराव बावसकर. आणि त्याच दमात दुसरं नाव, त्यांच्या पत्नी डॉक्टर प्रमोदिनी बावसकर. शोधनिबंधांवर ही दोन नावं शेजारी शेजारी छापलेली असतात. सत्काराच्या बातमीत मात्र बहुतेक वेळा एकच उरतं. हे मला फार खटकतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

हिंमतराव जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, शेतकऱ्याचा मुलगा. मिळेल ती मजुरी करत शिकले, नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीला, प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तिथं त्यांच्यासमोर आला आपला तांबडा विंचू. तो कुठं असतो, पेंढ्यात, लाकडात, कौलाखाली, हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार! काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो हा तांबडा, त्याच्याहून लहान. त्या काळी ज्यांच्या अंगभर विष भिनायचं त्या शंभरातले तीस-चाळीस दगावायचे. आणि मोठमोठ्या पुस्तकांत या पेशंटचं काय करायचं याचं धड उत्तर नव्हतं.

आता मी तुम्हाला माझ्या आत्याची गोष्ट सांगते. आमच्या घरात ती इतक्यांदा सांगितली गेली आहे की मी त्या रात्री जन्मलेली नसूनही मला ती पाठ आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मे महिना, पावसाआधीची घाई. आत्या तेव्हा अकरा वर्षांची. संध्याकाळी चुलीसाठी लाकडं काढायला पडवीत गेली आणि बोटाला विंचू डसला. ओरडत घरात आली. शेजारपाजारचे जमले. कुणी कांदा चोळला, कुणी हात दोरीनं आवळून बांधला. वाडीत विंचू उतरवणारे एक म्हातारे बाबा होते, त्यांना बोलावलं. त्यांनी मंत्र म्हटले, हातावरून पाला फिरवला. आणि अर्ध्यापाऊण तासानं आत्याचं रडणं खरंच थांबलं.

"दुखतं का गं?" आजीनं विचारलं.

"नाय दुखत."

सगळ्यांना हायसं वाटलं. "उतरला इचू," असं म्हणून माणसं घरी जायला लागली.

श्रोतेहो, इथं कान देऊन ऐका. आत्याचं दुखणं थांबलं होतं, पण तिला घाम फुटला होता, एवढा की परकर भिजला. दोनदा उलटी झाली. आणि आजोबांनी तिच्या पायावर हात ठेवला तर पाय गार. मे महिन्यात, चुलीजवळ बसलेल्या पोरीचे पाय गार! आजोबा शिकलेले नव्हते, पण जनावरं राखलेला माणूस. ते म्हणाले, "हिचे पाय गार कशापायी? जीप बघा कुणाची तरी." मंत्र म्हणणारे बाबा चिडले, आजीही आधी नको म्हणाली, पोर आता कुठं गप झालीये. आजोबांनी ऐकलं नाही.

आरोग्य केंद्रात पोचायला रात्रीचे दहा वाजले. तिथले डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी विचारलं, किती वाजता डसला? मग बोट न बघता पाय चाचपले. छातीला नळी लावली. आणि एक एवढीशी गोळी दिली. आजोबांना वाटलं होतं, मोठी सुई देतील, सलाईन लावतील. ही तर नखाएवढी गोळी! डॉक्टरांनी एकच ताकीद दिली, "हिला बसवायचं नाही, उठवायचं नाही. आडवीच ठेवायची." आणि स्टूल ओढून ते तिथंच बसले. थोड्या थोड्या वेळानं नाडी बघायची, रक्तदाब बघायचा, पायाला हात लावायचा, कागदावर लिहायचं. तीन तासांनी पुन्हा गोळी. आजीला त्यांनी कामाला लावलं होतं. "आजी, पाय गरम झाले की मला सांगा." आजी रात्रभर तान्ह्या बाळाचं अंग चाचपावं तशी लेकीचे तळवे चाचपत बसली.

पहाटे आत्या जागी झाली आणि रडायला लागली. बोट दुखतंय, खूप दुखतंय. आजी घाबरली, तिला वाटलं विष पुन्हा चढलं. आणि डॉक्टर हसले! म्हणाले, "दुखतंय ना? झालं तर मग. पायाला हात लावून बघा." पाय गरम होते.

हे असं का झालं, ते मला दुसऱ्या वर्षाला औषधशास्त्र शिकताना कळलं. थोडक्यात सांगते. तांबड्या विंचवाच्या विषानं शरीरातल्या मज्जातंतूंमध्ये वादळ उठतं. ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात ओतली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून घाम आणि गार हातपाय. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकतं, मग फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस जातो. विष अंगभर भिनलेल्या पेशंटला दंशाच्या जागी फारसं दुखतच नाही. बरा व्हायला लागला की दुखतं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते. एकदम रक्तदाब उतरू नये म्हणून पेशंट आडवा.

आत्याच्या डॉक्टरांनी वापरलेली ही रीत बावसकरांची. त्यांना ती कशी कळली? पेशंटजवळ बसून. तासन् तास बसून, दर थोड्या वेळानं नाडी, घाम, रक्तदाब, श्वास लिहून ठेवून. धोक्याची सुरुवातीची लक्षणं कोणती, हे त्यांनी १९८२ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एम. डी. करून ते पुन्हा याच भागात परतले, आणि प्राझोसिनबद्दलचं दोघांचं लिखाण १९८६ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये आलं. मृत्यूचं प्रमाण शेकडा एक-दोनवर उतरलं. पुढं मुंबईच्या हाफकिन संस्थेत बनणारी विंचवाची प्रतिलस, म्हणजे विष मारणारी लस, मिळायला लागली, तर गोळीच्या जोडीनं ती दिली की पेशंट आणखी लवकर सुधारतो, हेही त्यांनीच तपासून २०११ साली जगासमोर ठेवलं. २०२२ ला हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. माझ्या कॉलेजातल्या कितीतरी मुलांना संशोधन म्हणजे अमेरिका वाटते. मला ते बिरवाडीतलं स्टूल वाटतं.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१३ साली एका तपासणी केंद्रानं पेशंट पाठवल्याबद्दल त्यांना १२०० रुपयांचा चेक पाठवला. त्यांनी तो परत केला आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. गप्प बसून परत करणारे असतील, पण तक्रार करणारे किती? कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेणं, चालतेच, असं आम्हाला पहिल्या वर्षापासून ऐकवलं जातं. का चालावी? ज्याला पेशंटचा गार पाय हाताला कळतो, तो त्याच्या खिशात हात कसा घालेल?

इंटर्नशिपला मी ग्रामीण नेमणूक घाटाखालीच मागणार आहे. वही आत्ताच आखून ठेवली आहे, वेळ, नाडी, रक्तदाब, घाम, पाय असे रकाने.

वेळ संपत आली. पुन्हा सांगते, कारण आता दिवस विंचवाचे आहेत. विंचू डसल्यावर दुखायचं थांबलं म्हणून निर्धास्त होऊ नका. घाम, उलट्या, गार हातपाय, यातलं एक जरी दिसलं तरी थेट दवाखाना. खरं तर लहान मूल असेल तर लक्षणांची वाटही बघू नका. दोरीनं आवळू नका, चिरा देऊ नका. आणि किती वाजता डसला ते घड्याळात बघून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. नमस्कार.