नॉरवॉकची मतपेटी

(दृश्य : रात्र. पार्किंगच्या जागेत हेलिकॉप्टर उतरतं.)

मतदान संपलंय. शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या हेलिकॉप्टरमधून उतरतायत ती मतं आहेत. ठिकाण नॉरवॉक, लॉस एंजेलिस काउंटी. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा. पण हा जिल्हा एक कोटी माणसांचा, पालघर वेगळा होण्याआधीच्या ठाण्याच्या तोडीचा. त्यात ८८ शहरं. लांबच्या कोपऱ्यांतली मतं रस्त्याने आणायची म्हटली तर रात्र जाईल.

(दृश्य : इमारतीचा दरवाजा, नवरा-नवरी.)

याच इमारतीत दिवसा लग्नं लागतात. जन्ममृत्यूचे दाखले, जमिनीचे दस्त, लग्नं आणि निवडणुका, सगळं एका खात्यात. २००८ पासून खात्याचे प्रमुख आहेत डीन लोगन.

त्याआधी ते सिअ‍ॅटलच्या किंग काउंटीत निवडणुका बघायचे. २००४ साली वॉशिंग्टन राज्याचं गव्हर्नरपद, म्हणजे आपलं मुख्यमंत्रिपद म्हणा, पहिल्या दोन मोजण्यांत एकाला मिळालं, आणि हाताने केलेल्या तिसऱ्या मोजणीत १२९ मतांनी दुसरीला. चुकून बाद धरलेल्या शेकडो मतपत्रिका सापडल्या त्या लोगन यांच्याच काउंटीत. टीका भरपूर झाली, कोर्टकचेरीही झाली. पण पुन्हा मोजायला कागद तरी होता.

(दृश्य : जुनं मतदानपत्र, अगदी जवळून.)

हे नीट बघा. लॉस एंजेलिसमध्ये २००३ ते २०१९ मत असं द्यायचे. पत्रावर एकाही उमेदवाराचं नाव नाही, नुसते आकडे. पत्र खाचेत सरकवायचं, वरच्या पुस्तिकेत नाव शोधायचं, शाईच्या पेनाने ठिपका द्यायचा. बाहेर काढल्यावर आपण कुणाला मत दिलं, हे आपल्यालाच वाचता यायचं नाही!

बाजारात मिळेल ते यंत्र घेऊन मोकळं व्हायचं, ही सोपी वाट होती. लोगन यांच्या खात्याने २००९ मध्ये मतदारांनाच विचारायला सुरुवात केली. चाकाच्या खुर्चीवर बसणारे, न दिसणारे, इंग्रजी न येणारे. आयडिओ या डिझाइन कंपनीने नमुने केले, लोकांनी हाताळले, नमुने बदलले. यंत्रं बनवली स्मार्टमॅटिकने, पण आराखडा काउंटीच्या मालकीचा. एवढं व्हायला दहा वर्षं गेली. आम्हाला ती जास्त वाटत नाहीत.

(दृश्य : कोरा कागद यंत्रात जातो.)

कोरा कागद आत. पडदा हवा तसा कलता होतो. कानाला हेडफोन, हाताशी उठावाची बटणं. भाषा २०२० मध्ये १३ होत्या, हिंदी होती, मराठी नव्हती, आम्ही शोधून पाहिली. निवड झाली की कागद छापून बाहेर येतो, नावांसकट. वाचायचा, पटला तर परत सरकवायचा. आतल्या पेटीत पडतो. मोजणी मात्र कागदावरच्या क्यूआर कोडवरून होते, जो डोळ्यांनी वाचता येत नाही, आणि ते काहींना अजून खटकतं.

एका पडद्यावर चारच नावं, पुढची बघायला ‘मोअर’ दाबा. यावरून बेव्हर्ली हिल्स शहराने दावा लावला. ३ मार्च २०२० ला पहिल्या मोठ्या मतदानात नावं तपासणारे टॅबलेट अडले, रांगा तासन्‌तास लांबल्या, लोगन यांनी माफी मागितली. नोव्हेंबरात काउंटीत ४० लाखांवर मतं पडली, बहुतेक टपालाने.

(दृश्य : एक आजी. कागद चष्म्याजवळ धरून वाचतात, मग यंत्रात सरकवतात. इथे निवेदन नाही.)