कोकणातला टोमॅटो, मातीशिवाय

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

कोकणात टोमॅटो लावणाऱ्याला मर रोग काय ते सांगायला नको. सकाळी टवटवीत दिसलेलं झाड दुपारी मान टाकतं आणि चार दिवसांत हिरवंच्या हिरवं सुकतं. त्याचं खोड कापून ग्लासभर स्वच्छ पाण्यात धरा, दुधासारखी बारीक धार खाली उतरताना दिसेल. ते रोगाचे जिवाणू. मातीत ते वर्षानुवर्षं टिकून राहतात, फवारणीला दाद देत नाहीत. परसातल्या चार वाफ्यांत पिकाची फेरपालट तरी कितीशी करणार? त्यापेक्षा माती बाजूला ठेवू आणि झाड पिशवीत लावू.

पिशवीत भरायला आपल्याकडे नारळाच्या सोडणांचा भुसा आहे, म्हणजे बाजारातलं कोकोपीट, आणि भातगिरणीवरचं तूस आहे. घाटावरून उसाचा चोथाही आणता येतो. फुकटात मिळतं म्हणून तसंच भरू नका, एवढंच आज मला सांगायचं आहे.

चोथ्याचं बघा. त्यात नत्राच्या शंभरपट किंवा त्याहूनही जास्त कर्ब असतो. तो कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना नत्र लागतं, आणि ते झाडाच्या वाट्याचं ओढून घेतात. खालची पानं पिवळी पडतात, आपण रोग समजून औषध मारत बसतो. म्हणून चोथ्यात शेण मिसळून ढीग ओला ठेवायचा, अधूनमधून पालथा करायचा. दोन-तीन महिने जातील. पालथा केल्यावर ढीग पुन्हा तापेनासा झाला की तयार समजा.

कोकोपीटचं दुखणं वेगळं, खाराचं. सोडणं खाडीच्या पाण्यात भिजवलेली असतील तर जास्तच. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुतल्यावर सुटा खार जातो, पण भुशाला चिकटलेलं सोडियम आणि पालाश जात नाही. त्यासाठी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून पुन्हा धुवायचं. हे टाळलंत तर तुम्ही दिलेलं कॅल्शियम भुसाच धरून ठेवतो आणि फळाचं बूड काळं पडतं. तिथे बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही. पाणी कधी कमी, कधी जास्त झालं तरी बूड काळं पडतंच.

तूस सोपं. सिलिकामुळे लवकर कुजत नाही, मुळांशी हवा खेळती ठेवतं. त्यात राहिलेले भाताचे दाणे मात्र उगवतात, ते उपटावे लागतील.

दोन भाग कोकोपीट, एक भाग कुजलेला चोथा, एक भाग तूस, असं मिश्रण मी सुचवेन. झाडामागे बारा ते पंधरा लिटरची पिशवी घ्या. या मिश्रणात अन्न जवळजवळ नसतं, त्यामुळे विद्राव्य खत पाण्यातून थोडं थोडं देत राहावं लागतं. वरचा थर कोरडा दिसला म्हणून लगेच पाणी ओतू नका, पिशवी जरा उचलून वजन बघा.

आणि हो, सवयीने मूठभर माती त्यात घालू नका! रोपंही कोकोपीटच्या ट्रेमध्येच करा. पिशव्या विटांवर ठेवा, नाहीतर खालच्या भोकांतून मुळं जमिनीत शिरतात. भातखाचरातून वाहून आलेलं पाणी देऊ नका. एवढं करूनही एखादं झाड मरलं, तर पिशवी मिश्रणासकट लांब नेऊन जाळा, आणि हात-कोयता धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला हात लावू नका.

नमस्कार.