पुरेसे म्हणजे किती?

नमस्कार, श्रोतेहो. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव आटोपला की त्या दिवसाचे तीन आकडे जिल्हाभर पसरतात: किमान, कमाल आणि सरासरी भाव. ज्याचा कांदा विकला गेला त्याच्या हाती हिशोबपट्टी असते. बियाणे, मजुरी आणि वाहतुकीचा खर्च त्याला तोंडपाठ असतो, आणि एवढ्यावर या हंगामात आपले भागले की नाही हे तो सहज सांगू शकतो. तरीही गावात शिरताच त्याला विचारले जाते ते, कमाल भाव किती निघाला आणि तुला किती मिळाला, हेच. तो कमाल भाव कदाचित एखाद्याच ट्रॉलीला मिळालेला असतो. पण तो कानावर पडला, की घटकाभरापूर्वी ठीक वाटणारी रक्कम तोकडी वाटू लागते. हातातला आकडा तोच असतो, शेजारी ठेवलेला आकडा तेवढा बदललेला असतो.

शेर आणि पायलीच्या काळात हा शेजारचा आकडा बहुधा घरातलाच असे. खाणारी तोंडे किती, चार शेरांची पायली किती दिवस पुरते, पाहुणारावळा धरून वर्ष निघेल का, असा तो हिशोब. तो काळ सुखाचा होता असे मी म्हणणार नाही, कारण दुष्काळात हाच हिशोब सावकाराच्या दारी जाऊन थांबे. १९५७ साली सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढे किलो आला, आणि मोजणे सोपे झाले. किती पुरे, हे मात्र कोणत्याही मापाने सांगितले नाही.

आपण नाशिककर पुराच्या बाबतीत अधिक शहाणे आहोत. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे आपण बातम्यांत ऐकतो खरे, पण पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, हे कळल्याशिवाय गोदाकाठचा दुकानदार सामान हलवत नाही.

आकड्यांशी निराळे नाते असलेला एक माणूस आपल्या देवळालीत होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर तिथे शाळामास्तर होते. संख्यांच्या त्यांच्या खेळांना अनेक गणितज्ञ क्षुल्लक समजत, तरी ते पदरमोड करून पुस्तिका छापत राहिले. १९७५ मध्ये गणिताच्या कोड्यांवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ते जगभर ठाऊक झाले. त्यांचा एक शोध असा: कोणतेही चार अंक घ्या, त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा, आणि येणाऱ्या उत्तरावर तेच पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ उणे २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. आणि ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येतात.

आपल्या स्कूटरच्या क्रमांकावर हे करून पाहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोहोचाल. चारही अंक सारखे असतील तर मात्र उत्तर पहिल्याच पायरीला शून्य येते, आणि नेमक्या त्याच क्रमांकांसाठी लोक परिवहन कार्यालयात जादा पैसे मोजतात.